शुद्धांश

नाणी पाडावीत तसे मुकुंदराव नाफडे शब्द पाडत. मंत्रालयातल्या भाषांतर शाखेत बसून इंग्रजी कायद्यांना मराठी अंगरखे शिवायचे, हे त्यांचं काम; आणि शिवलेला अंगरखा अंगाला बसला की ढगळ झाला, ही शंका घरी घेऊन जायची, हा त्यांचा स्वभाव. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांच्या जिभेला मुंग्या येत. पण एखाद्या नव्या वस्तूला नाव द्यायचं असलं, की हाच माणूस इतका धीट व्हायचा की तिच्या जन्मदात्याला गाठून प्रश्नांनी भंडावून सोडायचा.

डॉ. रेणुका तांबोळकरांना त्यांनी असंच गाठलं होतं. मोबाइलच्या चार्जरएवढं, बाईंनी बनवलेलं यंत्र भिंतीतल्या प्लगला लावलं की त्यावर आकडे उमटत : या घरात या क्षणी येणाऱ्या विजेपैकी इतकी सूर्याची, इतकी वाऱ्याची, इतकी धरणाची, इतकी कोळशाची.

"पण बाई, वीज तर सगळी एकाच तारेतून येते," मुकुंदराव म्हणाले होते. "तिच्यावर काय शिक्का असतो?"

"शिक्का नसतो, आवाज असतो," रेणुकाबाई खुशीत आल्या. "भजनाला पन्नास माणसं एका सुरात गातात. तरी डोळे मिटून तुम्ही सांगताच ना, हा अमक्याचा गळा? तसंच आहे हे. सगळी वीजकेंद्रं एकाच लयीत चालतात. पण कोळशाच्या केंद्रात कित्येक टनांचं चाक फिरतं. ते जड. लय जराशी ढळली की ते सावकाश सावरतं. सौर पट्ट्यांना फिरणारं काहीच नाही. तिथं इलेक्ट्रॉनिक कळ सेकंदाला हजारो वेळा उघडते-मिटते, आणि तिची बारीक किरकिर त्या विजेत राहते. पवनचक्कीचा गळा आणखी वेगळा. माझं यंत्र हे गळे ओळखतं. राज्यभर अशी हजारो यंत्रं एकाच घड्याळावर ऐकत बसली, की कुणाचा सूर कुठपर्यंत पोचतो याचं गणित सुटतं. लांबचा आवाज विरतो, जवळचा ठळक येतो."

त्याच संध्याकाळी मुकुंदरावांनी यंत्राचं नाव ठेवलं 'मूळदर्शक'.

सरकारने हे यंत्र उचललं, त्यालाही कारण होतं. राज्याच्या विजेतला सत्तर टक्के वाटा सूर्य, वारा आणि पाण्याचा असलाच पाहिजे, असा हुकूम आधीच निघाला होता. पण हुकूम पाळायचा तर नव्या तारा हव्यात, रात्रीसाठी बॅटऱ्यांची कोठारं हवीत, आणि ऊन-वारा दोन्ही रुसले तर म्हणून जुनी केंद्रंही राखून ठेवायला हवीत. हा सगळा खर्च घरोघरच्या बिलांत चढला. "हुकमानं सूर्य उगवतो का?" एक बाजू विचारी. "राख बिलात दिसत नाही, म्हणून ती फुकट का?" दुसरी विचारी. मूळदर्शक आला आणि दोन्ही बाजूंना एकच युक्ती सुचली : ज्याच्या घरात कोळशाची वीज येते, त्यानेच अधिभार भरावा. मोजता येतंय, तर भांडायचं कशाला? आधी वर्षभर घरोघर यंत्र लावून नुसतं मोजून पाहायचं, आणि मग कायदा करायचा, असं ठरलं.

त्या प्रयोगाचा आदेश मराठीत आणायचं काम मुकुंदरावांकडे आलं. त्यात 'क्लीन शेअर' होता. त्यांनी 'स्वच्छ भाग' लिहून खोडलं. 'स्वच्छ' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे खराटा येई. 'निर्मळ'ला कीर्तनाचा वास होता. मग आला 'शुद्धांश'. शुद्ध अधिक अंश. आखूड, खणखणीत, विभक्ती लावायला सोपा. त्या दिवशी ते जेवताना स्वतःशीच हसले.

शब्द चालला. नुसता चालला नाही, धावला. पुण्यातल्या एका मंगल कार्यालयाने 'येथील शुद्धांश ९२' अशी पाटी लावली. एका देवस्थानाने ठरवलं, की शुद्धांश नव्वदच्या वर असेल तेव्हाच गाभाऱ्यातले दिवे लावायचे. मग चिवड्याच्या आणि लाडवांच्या पाकिटांवर आकडा छापायची टूम निघाली. उरलेल्या विजेला मुकुंदरावांनी नाव दिलंच नव्हतं. ते लोकांनी दिलं. शुद्धांशवाली ती सोवळी वीज, आणि उरलेली ओवळी.

मुकुंदरावांना आधी याची गंमतच वाटली. शैलाचा फोन येईपर्यंत.

शैला त्यांची धाकटी बहीण, विदर्भातल्या वरुडखेडला दिलेली. गावाला लागूनच कोळशाचं वीजकेंद्र. तिचे यजमान सुधाकर तिथं कंत्राटी फिटर. शैला गावातल्या अकरा बायकांना हाताशी धरून लग्नाच्या रुखवतातला फराळ करून देई : चकल्या, कडबोळी, करंज्या. सरकारच्याच एका योजनेत तिनं गॅस सोडून विजेवरच्या मोठ्या कढया घेतल्या होत्या. तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पुण्यात रुखवताची कंत्राटं घेणाऱ्या माधुरी आगाशे.

"दादा, आगाशेबाईंनी माल वापस धाडला," शैला म्हणाली.

"का? तेलाचा वास लागला?"

"वास कशाचा बाप्पा! मुलाकडच्यांनी खोक्यावरचा आकडा विचारला. माह्या कढयांना आकडा येतो नऊ. बाई म्हणतात, शैलाताई, माल सोन्यासारखा आहे, पण ओवळ्या विजेवर तळलेलं लग्नात मांडायचं कसं?" तिचा आवाज चढला. "हा शुद्धांश काढला कोणं?"

मुकुंदरावांनी फोन या कानाचा त्या कानाला नेला.

"तूच ना? दिवाळीत कौतुकानं सांगत होता. तुला बसल्या जागी काही सुचत जाऊ नये, दादा."

"अगं, पण छपरावर सौर पट्ट्या बसवल्यास तर..."

"त्याच्यावर राख बसते. सकाळी पुसलं तर दुपारी सायीवाणी थर. तू ये एकदा पाहायला. आणि हे असंच चाललं ना, तर मला कढया उलट्या घालून धंदा बंद करावा लागेल. अकरा घरं आहेत माह्या मागं."

डिसेंबरात अधिवेशनासाठी सगळं मंत्रालय पेट्या भरून नागपूरला आलं. अधिभाराचं विधेयक आता संयुक्त समितीपुढे होतं आणि रेणुकाबाई साक्षीला आल्या होत्या. रविवारी मुकुंदराव त्यांना घेऊन वरुडखेडला गेले.

शैलाच्या स्वयंपाकघरात भाजणीचा खमंग वास भरला होता. खिडकीतून वीजकेंद्राची चिमणी दिसत होती; लांबून बारीक वाटणारी ती इथं अर्धं आभाळ घेऊन उभी होती. रेणुकाबाईंनी मूळदर्शक प्लगला लावला. नऊ.

"हे व्हायचंच," त्या चकली मोडत म्हणाल्या. "सगळ्यात जवळचा गळा हाच."

"म्हणजे तुमचं यंत्र पाप मोजत नाही," मुकुंदराव हळूच म्हणाले. "अंतर मोजतं."

"पाप मोजतं असं मी कधी म्हटलं?"

मुकुंदरावांचं कुतूहल जागं झालं होतं. अशा वेळी ते भित्रे राहत नसत. "मला एक सांगा. शैलानं ही कढई आत्ता बंद केली, तर इथं कोळसा कमी जळेल?"

"जळेल. पण पुण्यात कुणी कढई बंद केली, तरीही इथं तेवढाच कमी जळेल."

"पुण्यात? तिथला शुद्धांश तर ब्याण्णव!"

"असू दे. समजा संध्याकाळी पुण्यात एक कढई जास्त चढली. सूर्य काही तिच्यासाठी परत उगवणार नाही, आणि वारा आपल्या मर्जीचा. मग मागेल तेव्हा वाढवता येईल, असं केंद्र वाढवतात. बहुतेक वेळा हे समोरचं." त्यांनी अर्ध्या चकलीने चिमणी दाखवली. "तार लांब असली तरी तळं एकच आहे. कढई पुण्यात, धूर वरुडखेडात."

"आणि अधिभार?" शैलाने झारा निथळत विचारलं.

"विधेयकाप्रमाणे तुम्हाला."

"हे बरं आहे! सैपाक त्यांचा, खरकटं आमच्या दारात, आणि वर ओवळेही आम्हीच!"

परतताना गाडीत मुकुंदरावांनी विचारलं, "हे तुम्ही समितीला सांगणार ना?"

"विचारलं तर सांगेन. पण मला ते एकच विचारतात, यंत्र अचूक आहे का? ते अचूक आहे हो. चुकतंय ते भलतंच काही तरी." त्या बाहेर बघू लागल्या. "तुम्हीच विचारा की."

"मी? मी मागच्या रांगेत बसतो, बाई. आम्ही बोलायचं नसतं."

समितीचे अध्यक्ष आमदार भास्करराव ठुबे सत्तर टक्क्यांच्या सक्तीच्या विरोधातले. आमदार सुगंधाताई खोब्रागडे सक्तीच्या बाजूच्या. वरुडखेड त्यांच्याच मतदारसंघात होतं.

"माझा मतदार विचारतो, साहेब, दिवा तेवढाच, मग बिल का वाढलं?" ठुबे म्हणाले. "त्याला काय सांगू, पृथ्वी वाचतेय?"

"सांगा, आमच्याकडची पोरं खोकतात त्याचं बिल इतकी वर्षं तुम्हाला आलंच नव्हतं."

"मग ताई, ते बिल कोळशाची वीज घेणाऱ्याला लावू. हे विधेयक तेच करतंय!"

"म्हणूनच पाठिंबा देते आहे. कोळशाची वीज महागली, की चिमणी थंड पडेल."

दोघं भांडत भांडत एकाच दाराकडे चालले होते, आणि ते दार कुणाच्या अंगणात उघडतं, हे मागच्या रांगेतून मुकुंदरावांना दिसत होतं.

मराठी मसुद्याचं वाचन सुरू झालं. एका कलमाशी ठुबे अडले. "'शुद्धांशाव्यतिरिक्त उर्वरित वीज.' ही केवढी शेपटी! भाषांतरवाले कोण आहेत? एका शब्दात सांगा हो. लोक म्हणतात तो तर काही कायद्यात घालता येणार नाही." खोलीत हशा पिकला. सुगंधाताई तेवढ्या हसल्या नाहीत.

मुकुंदराव उठले. जिभेला मुंग्या आल्याच. 'कोळसांश' हा शब्द तयार होता. तो उच्चारून खाली बसता आलं असतं.

"शेजारवीज," ते म्हणाले.

"काय?"

"शेजारवीज. म्हणजे... या यंत्रात कोळसा ठळक दिसतो तो चिमणीच्या शेजाऱ्याला. जो धुराजवळ राहतो त्याचा शुद्धांश कमी. लांब राहतो त्याचा जास्त. पण पुण्यात कढई चढली तरी धूर तिथंच निघतो. तांबोळकरबाईंना विचारा. मी आपला भाषांतरकार आहे." आणि ते इतक्या घाईने बसले की खुर्ची करकरली.

मग रेणुकाबाईंना विचारावंच लागलं. त्यांनी भजनापासून कढईपर्यंत सगळं सांगितलं. सुगंधाताईंनी हातातला मसुदा उपडा ठेवला.

"म्हणजे राखही आम्हीच खायची आणि अधिभारही आम्हीच भरायचा. आणि मी त्याला हात वर करणार होते." मग त्या मागच्या रांगेकडे वळल्या. "साहेब, 'शुद्धांश'ही तुमचाच?"

"हो."

"शब्द देखणा आहे. पण एक सांगते. कुणाला शुद्ध म्हटलं की उरलेल्याला काय म्हणतात, हे आमच्या घरी कुणाला शब्दकोशात बघावं लागलं नाही."

मुकुंदरावांच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली. तिचं सोवळ्याचं लुगडं उंच दांडीवर वाळे, आणि त्याला कुणाचा हात लागू नये म्हणून ते काठीने घालायचं नि काठीनेच काढायचं. ज्या शब्दाच्या सावलीत ते वाढले, त्याचाच आवाज त्यांना ऐकू आला नव्हता. एवढे कान देऊन शब्द वाजवून घेणारा माणूस!

"मग पैसे कोणी भरायचे?" ठुबे वैतागले. "पुन्हा सगळ्यांनीच?"

"धूर सगळ्यांचा, तर बिलही सगळ्यांचं," सुगंधाताई म्हणाल्या.

"हे मला निवडणुकीच्या सभेत म्हणून दाखवा."

"दाखवीन. पडले तर तुम्ही हार घेऊन या."

कायदा झाला, पण वेगळाच. घरोघरचं मोजमाप त्यातून गेलं, यंत्रं मात्र भिंतींवर राहिली. सक्ती राहिली आणि तिचा खर्च सगळ्यांच्या बिलांत वाटला गेला. शहरांतून मोर्चे निघाले, आणि ठुबे त्यांच्या पुढे होते. त्यांचं सगळंच चूक होतं असंही नाही; दोन खोल्यांत राहणाऱ्यालाही ते वाढलेलं बिल आलंच. वरुडखेडला उन्हाच्या वेळी केंद्राचे दोन संच बंद राहू लागले. हवा जरा निवळली आणि सुधाकरच्या पाळ्या निम्म्यावर आल्या. 'शुद्धांश' कायद्यातून निघाला, पण लोकांच्या तोंडून निघाला नाही. कायदा रद्द करता येतो. शब्द रद्द करायची सोय अजून कुणी काढलेली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर शैलाचा फोन आला.

"दादा, गंमत ऐक. दुपारी संच बंद असले, की माह्या कढयांचा आकडा चढतो. ब्याऐंशी! ऊन आहे तोवर मी सोवळी." ती खळखळून हसली. "दुपारचा माल आगाशेबाई घेते म्हणाल्या. आकडा छापून."

"मग झालं की!"

पलीकडे झारा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दुपारच्या चकल्यांचे डबे आम्ही वेगळे ठेवायला लागलो. पाच जणी संध्याकाळच्या पाळीला येतात. दिवसा दुसऱ्यांच्या शेतावर जातात त्या. काल त्यांच्यातली मंदा दुपारचा डबा उचलायला गेली, तर दुसरी ओरडली, 'हात नको लावू त्याला, तो सोवळ्यातला आहे.' हसतच म्हणाली रे. पण मंदानं हात मागं घेतला." शैलाचा आवाज खाली आला. "माह्या सैपाकघरात, दादा."

"मग काय केलंस?"

"सगळे डबे एका टोपल्यात रिकामे केले. आता कोणती चकली दुपारची आणि कोणती संध्याकाळची, मलाही सांगता येत नाही. आकडा छापायचा प्रश्नच मिटला. आगाशेबाईंना अजून कळवलं नाही. तू शब्दांचा माणूस आहेस. चांगलंसं काही लिहून दे, मी धाडते. त्या नाही म्हणाल्या तर या खेपेला मात्र कढया उलट्या."

मुकुंदराव कागद घेऊन बसले. 'मिश्र' लिहिलं, खोडलं. 'समविद्युत' लिहिलं, तेही खोडलं. जो शब्द उमटे, त्याच्यामागे एक न लिहिलेला शब्द उभा राही. त्यांनी टोपण लावलं आणि बहिणीला कळवलं : लिहून काही देत नाही, टोपल्यातलं एक खोकं इकडं पाठव, मीच जातो.

पुण्यात आगाशेबाईंच्या जिन्यात त्यांनी आपलं वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. चांगलं वाक्य होतं. त्यात 'सामाजिक' आणि 'विद्युत्प्रवाह' दोन्ही होते. घंटा वाजवली. दार उघडलं ते एका गोऱ्या, चष्मेवाल्या, घाईतल्या बाईंनी. हाताला रुखवतातल्या कागदी मोरांचा डिंक लागलेला.

"कोण पाहिजे?"

वाक्य जिन्यातच राहिलं.

"'शुद्धांश' हा शब्द माझा आहे," मुकुंदराव म्हणाले. "तो न्यायला आलोय."

बाईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "रद्दीवाले का तुम्ही?"

"तसंच काहीसं. भाषांतरकार. वरुडखेडच्या शैलाताईंचा भाऊ." त्यांनी खोक्याचं झाकण उघडून पुढे धरलं. "यातल्या काही दुपारच्या आहेत, काही संध्याकाळच्या. तुम्ही या धंद्यात मुरलेल्या. ओळखून दाखवता का, सोवळी कोणती?"

बाईंच्या कपाळाला आठी पडली. पण आव्हान दिलेली सुगरण ती, मागे कशी हटेल? त्यांनी डिंकाची बोटं पदराला पुसली, एक चकली उचलली, कानाशी नेऊन मोडली. कुरकुरीत आवाज झाला. डोळे मिटून त्या सावकाश चावत राहिल्या. दुसरी घेतली. मग तिसरी.

"ही दुपारची," त्या शेवटी म्हणाल्या. "बरोबर?"

"मला ठाऊक नाही."

"मग शैलाताईंना विचारा."

"तिलाही ठाऊक नाही. डबे एकत्र केलेत."

"अहो, मग मी ओळखली की नाही, ते सांगणार कोण?"

"तेच तर," मुकुंदराव म्हणाले.

हळूहळू बाईंच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. "आणि मुलाकडचे आकडा विचारायला लागले, तर मी काय सांगू?"

"सांगू नका. एक खायला द्या, आणि ओळखा म्हणावं."

बाईंनी चौथी चकली उचलली आणि खोकं त्यांच्या हातातून काढून घेतलं. "वैशाखात सात लग्नं आहेत माझ्याकडे," त्या आत वळत म्हणाल्या. "कडबोळी जमतील का, विचारा तिला. आणि उंबऱ्यात काय उभे राहिलात? या आत."